दोन फुटांची काचपेटी आणि मे महिन्यातलं नागपूर

दुकानात प्लॅस्टिकच्या डब्यात बोटभर पाणी, त्यात हिरवट कवचाचं, गालावर लाल पट्टा असलेलं कासवाचं पिल्लू. भाव परवडणारा, आणि दुकानदार बिनधास्त सांगतो, "एवढंच राहते, वाढत नाही." वाढतं. चांगलं थाळीएवढं वाढतं. घरात सरपटणारा प्राणी आणताना पहिली चूक इथेच होते. जागा मोजतात पिल्लाच्या मापाने आणि राहायला असतो प्रौढ प्राणी.

दुसरी चूक खास आपल्या गावातली. या छंदाबद्दलचे व्हिडिओ आणि लेख बहुतेक थंड देशांतल्या माणसांनी केलेले, त्यामुळे त्यांची सगळी शक्ती पेटी गरम कशी ठेवायची यात खर्च होते. नागपुरात प्रश्न उलटा. २३ मे २०१३ रोजी इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. डिसेंबर २०१८ मध्ये तो ३.५ पर्यंत उतरलाही, पण थंडीला पेटीखाली ठेवायची पंधरा-वीस वॅटची एक गरम मॅट पुरते. मे महिन्याला नाही. म्हणून निवड करताना आधी प्रौढ प्राण्याची लांबी बघायची, मग तो नागपूरचा उन्हाळा काढेल का ते बघायचं. रंग, भाव, इन्स्टाग्रामवर कसा दिसतो, हे सगळं त्यानंतर.

कासवापासूनच सुरू करू. लाल पट्ट्याचं ते म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेचं. मादीचं कवच २५ ते ३० सेंटीमीटर होतं आणि वीस-तीस वर्षं जगणं तिला काही विशेष नाही. कवचाच्या दर इंचामागे साधारण ४० लिटर पाणी हा पाळणाऱ्यांचा जुना हिशेब. दहा इंचांच्या मादीला ४०० लिटर, म्हणजे नुसतं पाणीच ४०० किलो. काच, स्टँड, फिल्टर आणि ऊन खायचा कोरडा कट्टा वेगळा. फ्लॅटच्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात पाच-सहा माणसं कायमची उभी करून ठेवण्यासारखं आहे हे. मग पाण्याचा वास येतो, कंटाळा येतो, आणि एका संध्याकाळी कासव पिशवीतून फुटाळ्याला किंवा अंबाझरीला जातं. असं करू नका. हे कासव परदेशी, खादाड आणि चिवट आहे. तलावात तगलं, तर तिथल्या देशी कासवांच्या अन्नात आणि ऊन खायच्या जागेत वाटेकरी होतं.

आणि "लकी" म्हणून कोणी पिवळ्या चांदण्यांचं कासव दाखवलं तर दुकानातून सरळ बाहेर पडा. ते स्टार कासव, आपलं देशी. मांडूळ, घोरपड, विहिरीतलं किंवा नाल्यातलं कासव, सगळ्यांना हाच नियम. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली हे प्राणी घरात ठेवणं गुन्हा आहे. "पिल्लू होतं, वाचवलं" ही सबब चालत नाही. असा प्राणी सापडलाच तर सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे कळवा.

परदेशी प्राण्यांचे नियमही आता कडक झालेत. २०२२ च्या दुरुस्तीने (ती लागू झाली १ एप्रिल २०२३ पासून) या कायद्यात चौथी अनुसूची नव्याने आली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण असलेल्या प्रजाती तिच्यात आहेत. इग्वाना, बॉल पायथन, सुलकाटा कासव यातले कोणीही घरी असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. नागपूरकरांची एक सोय अशी, की राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय आपल्याच सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनात आहे. पैसे देण्याआधी प्रजातीचं शास्त्रीय नाव कागदावर लिहून घ्या आणि तिथे लेखी विचारा. दुकानदाराच्या "काही होत नाही भाऊ" पेक्षा तो कागद पुढे कामाला येतो.

आता जागेचं. फ्लॅटमध्ये रिकामी जागा म्हणजे बहुतेक वेळा एखादं कपाट, अभ्यासाच्या टेबलाची कड, नाहीतर लोखंडी रॅकचा एक कप्पा. इथे लांबी सगळे मोजतात, खोली कोणी मोजत नाही. पुस्तकाच्या रॅकचा कप्पा सहसा फूटभर खोल असतो आणि जमिनीवर राहणाऱ्या छोट्या पालीलाही दीड फूट खोली लागते. कप्प्यातून सहा इंच बाहेर डोकावणारी काचपेटी कोणाच्या तरी कोपराने खाली येते. गॅलरी नाही, फ्रिजचं डोकं नाही (कंप आणि उष्णता दोन्ही), सज्जा तर मुळीच नाही, कारण गरम हवा वरच साठते. स्वयंपाकघरही नको. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला असू शकतो, प्राणी ठणठणीत दिसत असला तरी. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर हा मुद्दा आणखी गंभीरपणे घ्या.

तीन फुटांपेक्षा जास्त जागा नसेल तर यादी झपाट्याने आखडते. इग्वाना हा सरडा पाच-सहा फूट होतो, त्याला अख्खी खोली द्यावी लागते. बिअर्डेड ड्रॅगन हाही सरडाच, गुणी प्राणी आहे, उन्हाचाही आहे, पण दीड-दोन फूट लांबीच्या त्या जनावराला चार फूट बाय दोन फूट पेटी आणि चांगली यूव्हीबी (उन्हासारखे अतिनील किरण देणारी) ट्यूब हवी. तेवढी रिकामी भिंत असेल तर जरूर विचार करा. कॉर्न स्नेक चार-पाच फुटांचा होतो. "साप वेटोळं घालून बसतो, त्याला कशाला जागा" हा समज चुकीचा आहे, त्याला पूर्ण लांब होता आलं पाहिजे.

कागदावर सगळ्यात देखणा उमेदवार म्हणजे क्रेस्टेड गेको (गेको म्हणजे पालच). दीड फूट बाय दीड फूट बाय दोन फूट उंचीची उभी पेटी, पावडर कालवून दिलेलं फळांचं खाणं, किडे पाळायची कटकट जवळपास नाही. कमी जागेसाठी याहून चांगला प्राणी शोधून सापडणार नाही. फक्त तो न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या जंगलातला, त्याला २२ ते २६ अंश मानवतात. २८ च्या वर तो त्रासतो आणि ३० च्या वर काही दिवस राहिला तर मरू शकतो. नागपुरात मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत, आणि पुन्हा ऑक्टोबर हीटमध्ये, त्याच्या खोलीत चोवीस तास एसी लागेल. लाइट दुपारी तीन तास गेली की सगळं गणित संपलं. इथल्या माणसाने हा घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उरतात दोन जमिनीवरचे गेको: लेपर्ड गेको आणि आफ्रिकन फॅट-टेल्ड गेको. दोघेही २० ते २५ सेंटीमीटर, शेपटी धरून. दोघेही निशाचर. आणि घरातल्या आज्जींना सांगायची महत्त्वाची गोष्ट: दोघांच्याही बोटांना आपल्या घरच्या पालीसारख्या चिकटणाऱ्या गाद्या नसतात, म्हणून भिंतीवर चढून छतावरून अंगावर पडायचा प्रश्नच नाही. पापण्याही असतात. डोळे मिटून झोपलेली पाल बघितली की निम्मा विरोध तिथेच मावळतो.

लेपर्ड गेकोचा मूळ पट्टा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्येकडचा कोरडा, खडकाळ मुलूख. त्याचा एक चुलतभाऊ आपल्या सातपुड्यातही आहे, २०१४ मध्ये त्याची स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंद झाली. म्हणूनच इथे वनभवनातली लेखी विचारणा टाळायची नाही, आणि कोणी "जंगलातला पकडलेला आहे, स्वस्तात देतो" म्हटलं तर हात लावायचा नाही. फॅट-टेल्ड पश्चिम आफ्रिकेचा. तो जरा संथ आहे आणि त्याला ओलावा जास्त लागतो, ६० ते ७० टक्के. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तेवढा ओलावा टिकवणं हे रोजचं काम होऊन बसतं. दोघांतला सोपा लेपर्डच, आणि पुढचं सगळं त्याला धरून.

पेटीचं माप कमीत कमी ६० बाय ४५ सेंटीमीटर, उंची ३० पुरते. ९० बाय ४५ बाय ४५ मिळाली तर उत्तम, कारण गरम आणि थंड टोकांत अंतर पडतं. दोन फुटी पेटीत तेच सगळ्यात अवघड जातं. तयार मिळणारं दोन बाय एक फुटाचं अ‍ॅक्वेरियम स्वस्त आहे, पण अरुंद आहे आणि वरून उघडतं. वरून येणारा हात या प्राण्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. त्यापेक्षा काचवाल्याकडून ५ मिलिमीटरच्या काचेची, समोर सरकत्या दारांची पेटी बनवून घ्या. एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर, दोन-दोन इंचांची अ‍ॅल्युमिनियम जाळीची पट्टी ठेवायला सांगा. हवा खालून येऊन वरून जाते आणि काच धुकट होत नाही. दोन सरकत्या काचांमध्ये चार-पाच मिलिमीटरची फट राहते. त्यातून किडे तर हमखास निसटतात, लहान पिल्लूही निघू शकतं. तिथे पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी चिकटवा. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेलंच वापरा. साध्या सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरचा वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे निदान दोन-तीन दिवस, पेटी उघडी ठेवा.

खाली वाळू पसरू नका. फोटोत वाळवंट छान दिसतं, पण किड्याबरोबर वाळू पोटात जाते आणि लहान पिल्लाचं आतडं तुंबतं. शहाबादी किंवा कोटा फरशीचे तुकडे कापून बसवा. नखं आपोआप घासली जातात, उष्णता सारखी पसरते, आणि घाण झाली की फरशी काढून साबणाने धुऊन उन्हात टाकायची. आपल्याकडच्या उन्हात दुपारभरात खडखडीत वाळते. तुकड्यांमधल्या फटी बारीक ठेवा, नाहीतर किडे त्यात दडून दिवसा झोपलेल्या गेकोची बोटं कुरतडतात.

लपायच्या जागा तीन: एक गरम टोकाला, एक थंड टोकाला आणि मधे एक ओलसर. ओलसर म्हणजे झाकणाला भोक पाडलेला प्लॅस्टिकचा डबा, आत ओलं करून पिळलेलं मॉस किंवा नारळाचा भुसा. हा डबा चैनीचा नाही. कात टाकताना हवा कोरडी असेल तर बोटांवर कातीची कडी तशीच राहते, वाळून दोऱ्यासारखी आवळते, रक्त थांबतं आणि बोट गळतं. नागपुरात एप्रिलमध्ये कूलरशिवायच्या खोलीत हे हमखास होतं. कात टाकून झाली की दुसऱ्या दिवशी वीसच्या वीस बोटं बघायची सवय लावा. काही अडकलं असेल तर कोमट पाण्याने ओल्या कापडावर पंधरा मिनिटं उभं करून कापसाच्या काडीने हलकेच सोडवायचं, ओढायचं नाही.

गरम टोकाच्या लपणीची जमीन ३२ ते ३४ अंश, थंड टोक २४ ते २६, रात्री २० पर्यंत उतरलं तरी बिघडत नाही. मॅट पेटीच्या तळाच्या एक तृतीयांश भागाखाली, आणि थर्मोस्टॅटशिवाय (ठरवलेल्या तापमानाला मॅट बंद करणारं यंत्र) कधीच नाही. मोकळी मॅट ४५ च्या पुढे जाते, गेको तिथेच बसून राहतो आणि पोट भाजून घेतो. एसटीसी-१००० सारखा अंडी उबवणीच्या मशीनला लावतात तो साधा थर्मोस्टॅट मॅटला चालतो. त्याचा सेन्सर खरं सांगतो का हे घरी तपासता येतं. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी ग्लासात घालून सेन्सर बुडवा, पाच मिनिटांनी शून्याच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. सेन्सर नेमका तिथेच चिकटवा जिथे प्राणी पोट टेकतो. तो सुटून हवेत लोंबला तर हवा ३२ होईपर्यंत मॅट पेटतच राहते आणि फरशी तव्यासारखी होते. या सेटअपमधला सगळ्यात नेहमीचा अपघात हाच. काचेवर चिकटवायचे गोल घड्याळी थर्मामीटर चार-पाच अंश सहज चुकतात, त्यावर पैसे घालवू नका. पंधरा वॅटची मॅट दिवसात बारा तास चालली तर महिन्याला साडेपाच युनिटच्या आत भागतं.

आता उन्हाळा. एप्रिलच्या सुरुवातीलाच खोलीचं तापमान ३२ च्या वर जायला लागलं की थर्मोस्टॅट मॅट बंद ठेवतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. ठीक नसतं, कारण थंड टोकच गायब झालेलं असतं. हा प्राणी स्वतः गरम-थंड जागा बदलून शरीर सांभाळतो. पेटीत ३५ च्या खाली एकही जागा उरली नाही तर तो तोंड उघडं टाकतो, धापा टाकतो, आणि ३८-४० मध्ये काही तासांत दगावतो. वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या, पश्चिमेच्या भिंतीच्या खोलीत दुपारी चारला एवढं सहज होतं. पेटी घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत, आणि या तीन महिन्यांपुरती टेबलावरून उतरवून जमिनीलगत ठेवा. तेवढ्यानेच दोन-तीन अंशांचा फरक पडतो.

कूलर उपयोगी आहे, पण त्याचा झोत थेट पेटीवर नको. कूलरमुळे खोलीतला ओलावा बराच चढतो, जाळीच्या पट्ट्या असतील तर तो चालतो. तळाला भुसा वगैरे ओलं होऊन कुजत असेल तर नाही. त्याहून साधी युक्ती मातीची आहे. न रंगवलेली छोटी कुंडी अर्धा तास पाण्यात बुडवून, निथळून, थंड टोकाला आडवी ठेवायची, तीच त्याची लपणी. कोरड्या हवेत पाणी उडतं आणि माठातल्या पाण्यासारखी कुंडीच्या आतली जागा गार राहते. दोन कुंड्या ठेवा, सकाळी एक, दुपारी दुसरी. जूनमध्ये पाऊस लागला की ही युक्ती बंद करायची. दमट हवेत पाणी उडत नाही, गारवा मिळत नाही, नुसती ओल राहते आणि बुरशी धरते.

लाइट गेली तर कूलरही गेला. त्यासाठी फ्रीझरमध्ये पाऊण भरलेल्या दोन एक-लिटरच्या बाटल्या कायम ठेवा. बाटली फडक्यात गुंडाळून छोट्या ताटलीत, थंड टोकाच्या वरच्या जाळीवर. गार हवा जड, ती खाली उतरते. बाटली आत, प्राण्याशेजारी ठेवू नका.

खाण्यात कमी जागेचा फायदा आहे, मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) एका डब्यात घरीच पिकतात. उथळ डबा, दोन इंच गव्हाचा कोंडा, ओलाव्यासाठी गाजराचा तुकडा, तो दर दोन दिवसांनी बदलायचा. पावसाळ्यात गाजर जास्त पडलं की कोंड्याला बुरशी आणि बारीक किडे लागतात आणि सगळी वसाहत फेकावी लागते. मीलवर्म चरबीचे असतात, म्हणून नाकतोडे किंवा दुबिया झुरळं आलटून पालटून द्या (झुरळं "पाळतो" हे घरी कसं सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवावं). किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पिल्लाला रोज पाच-सात, प्रौढाला आठवड्यातून दोन-तीनदा सहा-आठ. बागेतले किडे नकोत, त्यांच्यावर फवारणी झालेली असू शकते. किड्यांवर कॅल्शियमची पावडर, त्यातली व्हिटॅमिन डी-थ्री असलेली आठवड्यातून दोनदा. एरवी साध्या कॅल्शियमचं एक झाकण पेटीत भरलेलं असू द्या, तो स्वतः चाटतो. हे चुकलं की काही महिन्यांत जबडा मऊ पडतो, पाय वाकतात आणि ते पुन्हा सरळ होत नाहीत.

किडे आले की मुंग्या येतात. खडू, स्प्रे यातलं काहीही पेटीजवळ नको, किड्यांना मारणारं औषध खाल्लेल्या किड्यामार्फत पालीपर्यंत पोचतं. जुन्या जाळीच्या कपाटाला करत तेच करा: स्टँडच्या चारही पायांखाली पाणी भरलेल्या वाट्या. डासांची कॉइल त्या खोलीत लावू नका.

एका पेटीत एकच. दोन नर एकमेकांना फाडतात, दोन माद्यांत एक खाते आणि दुसरी उपाशी राहते. तब्येत शेपटीवरून कळते: ती मानेएवढी जाड असेल तर पोटात अन्न आणि अंगात साठा आहे. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्यासारख्या पण त्याच्यासाठी वेगळ्या डिजिटल काट्यावर वजन घ्या. थंडीत तो महिनाभर कमी खातो, वजन टिकून असेल तर काळजी नाही. दहा टक्क्यांच्या वर उतरलं आणि शेपटी काडीसारखी झाली तर विष्ठेची तपासणी करून घ्यायची. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे आणि शहरात सरपटणारे प्राणी कोण तपासतं याची चौकशी प्राणी आणण्याआधी करा.

विकत घेताना किडा समोर खाऊन दाखवायला सांगा. डोळे स्वच्छ उघडे, शेपटी भरलेली, बोटं पूर्ण, चालताना पोट जमिनीवरून उचललेलं, आणि गुद्द्वाराभोवती चिकटलेली घाण नाही, एवढं बघा. पार्सलने एप्रिल ते जूनमध्ये मागवू नका.

त्याआधी एक काम. पेटी, मॅट, कुंडी, सगळं मांडून ती मे महिन्यात आठ दिवस रिकामीच चालवा. थंड टोकाला फरशीवर सेन्सर ठेवून दुपारी बारा, दोन, चार आणि सहा वाजताचे आकडे वहीत लिहा, एका दिवशी कूलर मुद्दाम तीन तास बंद ठेवून. कुंडी आणि बाटली वापरूनही चारचा आकडा ३२ च्या वर राहत असेल तर ती खोली या प्राण्याची नाही, दुसरी खोली बघा. आकडा ३० च्या आसपास थांबत असेल आणि वनभवनातून लेखी होकार आला असेल तर पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी, गेको आणायला हरकत नाही.